३४ टक्क्यांचा वाण आणि आमचं ऊन

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी दीडच्या सुमारास मी आमच्या वावरात सौर पंपाच्या पॅनेलखाली वाकून उभा होतो. हातात शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर, आणि त्याची तापमान मोजायची तार चिकटपट्टीने पॅनेलच्या पाठीला लावलेली. सावलीतली हवा ४५ अंश. पॅनेलची पाठ ७२ अंश. काका कडुनिंबाखाली बसून माझा हा उद्योग बघत होते. चीनच्या लोंगी कंपनीने सिलिकॉनवर पेरोव्हस्काइटचा थर देऊन ३४.८५ टक्के कार्यक्षमता गाठली, पडलेल्या उन्हातली तेवढी ऊर्जा विजेत उतरवली, म्हणजे आपल्या पॅनेलच्या दीडपटीहून जास्त, हे मी त्यांना सकाळीच मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. तंबाखू मळता मळता त्यांनी एवढंच विचारलं, "थे टक्के राहू दे बाप्पा. टिकते किती, थे सांग."

मी पंधरा वर्षं विज्ञान शिकवतो. तरी मला वर्षांत उत्तर देता आलं नाही, कारण तसं उत्तर अजून कुणाकडेच नाही. पेरोव्हस्काइट हा पदार्थ मोकळ्या उन्हात पंचवीस वर्षं राहिलेलाच नाही. त्याचा सेल म्हणून जन्मच २००९ चा. जपानमध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने पहिला सेल केला तेव्हा त्याची कार्यक्षमता होती ३.८ टक्के आणि आयुष्य काही मिनिटांचं. खनिज मात्र जुनं. १८३९ मध्ये उरल पर्वतात गुस्ताव्ह रोझ यांना सापडलं आणि लेव्ह पेरोव्हस्की या रशियन गृहस्थांचं नाव त्याला मिळालं. आज सौर सेलमध्ये वापरतात तो पदार्थ म्हणजे ते खनिज नव्हे. त्याच्या अणूंची मांडणी तेवढी तशी असते. सिलिकॉनला १९५४ च्या ६ टक्क्यांपासून २५ पर्यंत यायला पंचेचाळीस वर्षं लागली. पेरोव्हस्काइटने दीड दशकात २६ ओलांडले. अशी झेप पाहिली की माणूस हुरळतो. मीही हुरळलो होतोच.

आणि त्या टक्क्यांना किंमत नाही असं मुळीच नाही. निव्वळ सिलिकॉनच्या सेलला तात्त्विक मर्यादा आहे सुमारे २९.४ टक्क्यांची. निळ्या-हिरव्या प्रकाशात ऊर्जा जास्त असते, पण सिलिकॉनला त्यातली ठरावीकच घेता येते. उरलेली उष्णता होऊन जाते. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट असं जोडथरातलं पॅनेल हे आपल्या कपाशीतल्या तुरीसारखं समजा. वरचं पीक वरचा उजेड घेतं, खालचं खालचा, आणि एकाच एकरात दोन उत्पन्नं निघतात. वरचा पेरोव्हस्काइट निळा-हिरवा प्रकाश पकडतो, तांबडा आणि अवरक्त प्रकाश खाली सिलिकॉनला सोडतो. वरचा थर असतो तरी किती, तर अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग, आणि तो शंभर-दीडशे अंशांवर द्रावणातून ओतता येतो. सिलिकॉन वितळवायलाच चौदाशे अंशांवर जावं लागतं.

विदर्भात या कार्यक्षमतेचा सरळ संबंध जमिनीशी येतो. एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात राळेगणसिद्धीबरोबर आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळंबीतून झाली, आणि आता दुसऱ्या टप्प्यात राज्याचं उद्दिष्ट १६,००० मेगावॉटवर गेलं आहे. हिशेब तुम्हीच करा, किती हजार एकर. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं जमीनवाल्याला मिळतं, ते चांगलंच आहे. पण ज्या वावरात निंदायला, वेचायला वीस बाया जात होत्या तिथे आता कुंपण आणि एक चौकीदार. त्या बायांना भाडं कोणी देत नाही. तीच वीज दोन तृतीयांश जमिनीत होणार असेल तर ती मला हवी आहे. रात्री बारा वाजता रानडुकरांच्या भीतीत ओलित करायला जाणाऱ्यालाही दिवसाची वीज हवी आहे. तेव्हा या तंत्राला माझा विरोध आहे असं कोणी समजू नये.

प्रश्न काकांचाच आहे. आणि माझं म्हणणं असं की त्याचं उत्तर आपल्याच शिवारात, आपल्याच उन्हात शोधलं पाहिजे आणि तेही हे पॅनेल अनुदानाच्या यादीत येण्याआधी.

हा पदार्थ का ढासळतो, ते थोडं बघू. पेरोव्हस्काइटचा स्फटिक मिठाच्या जातीचा, मऊ. जितक्या सहज तो जमतो तितक्याच सहज उसवतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसं दमट हवेने याचं होतं. पाणी आत शिरलं की काळा थर पिवळा पडतो आणि वीज बंद. दुसरा वैरी उष्णता. सुरुवातीच्या सेलमध्ये मिथाइलअमोनियम नावाचा सेंद्रिय घटक असे. तो तापला की उडून जातो. शिवाय त्या जुन्या मिश्रणाच्या स्फटिकाची घडण ५५ अंशांच्या आसपास बदलते. माझं पॅनेल ७२ वर होतं. म्हणजे आमच्या उन्हाळ्यात तो पदार्थ रोज सकाळी एक रूप सोडणार आणि रोज संध्याकाळी परत घेणार. तिसरा वैरी, ऐकून हसू येईल, प्रकाशच. जोडथरासाठी लागणाऱ्या मिश्रणात आयोडीन आणि ब्रोमीन एकत्र असतात. उन्हात ते एकमेकांपासून फुटून वेगळे गट करतात आणि सेलचं व्होल्टेज घसरतं. आणि हे सगळं चालू असताना आतले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, विजेच्या ओढीने सरकत सरकत धातूच्या पट्ट्यांपर्यंत जातात आणि तिथे कुरतडतात.

यावर जगभर जे काम झालं त्याला मी हातचं राखून दाद देणार नाही. मिथाइलअमोनियमच्या जागी फॉर्मामिडिनियम आणि सीझियम आलं. त्याने उष्णतेचा धोका बराच कमी झाला. स्फटिकाच्या कडांवर जिथे अणूंची जोडी अपुरी राहते तिथे संरक्षक रेणूंचा लेप देतात, म्हणजे कार्यक्षमताही वाढते आणि झीजही तिथून सुरू होत नाही. टिकाऊपणा आणि कार्यक्षमता ही दोन वेगळी कामं आहेत असं पूर्वी वाटे. पुष्कळदा तो एकच दोष असतो. सेलमधला विद्युतभार बाहेर नेणाऱ्या वाहक थरात पूर्वी लिथियमचं मीठ घालत, ते स्वतःच ओल ओढून घेई. त्याऐवजी आता एका रेणूच्या जाडीचा थर चालतो. वर-खाली काच आणि कडेने ब्यूटिल रबराची सीलबंद पट्टी, हा सगळ्यात साधा उपाय, आणि मला वाटतं सगळ्यात मोलाचा. मुंबईच्या आयआयटीतल्या गटानेही सिलिकॉनवर अर्धपारदर्शक पेरोव्हस्काइट सेल ठेवून ३० टक्क्यांच्या जवळ मजल मारली आहे. ऑक्सफर्ड पीव्ही या कंपनीने २०२४ मध्ये २४.५ टक्क्यांचे जोडथर पॅनेल अमेरिकेतल्या ग्राहकाला पाठवलेही. २४.५ आणि ३४.८५ मधला फरक ध्यानात ठेवा. विक्रम होतात नखाएवढ्या किंवा फार तर तळहाताएवढ्या तुकड्यावर. बाजारात येतं ते दरवाजाएवढं पॅनेल.

पण मग टिकाऊपणाचा दाखला काय देतात? पॅनेलची जी आंतरराष्ट्रीय चाचणी आहे तिच्यातला सगळ्यात नावाजलेला भाग असा: ८५ अंश तापमान, ८५ टक्के आर्द्रता, १००० तास. ऐकायला जबर वाटतं. १००० तास म्हणजे बेचाळीस दिवस. आमच्याकडे पेरलेल्या सोयाबीनला फूल लागायला तेवढे दिवस लागतात. आणि मुख्य म्हणजे ही चाचणी अंधाऱ्या पेटीत होते. सिलिकॉनसाठी ते ठीक, कारण त्याचं दुखणं काय असतं हे चाळीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे आणि चाचणी त्या दुखण्यांवरूनच बेतली आहे. पेरोव्हस्काइटला ऊन आणि ताप एकत्र लागले की तो खरा कसाला लागतो. रात्रीही त्याच्यात काही ना काही चालूच असतं. काही नमुने अंधारात थोडे सावरतात, काहींना उलट दिवस-रात्रीचा हाच फेरा जास्त मारतो. म्हणून तर २०२० मध्ये या क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी मिळून पेरोव्हस्काइटसाठी चाचण्यांची वेगळी पद्धत मांडली, प्रकाश, ताप आणि फेरे धरून. ती चांगली आहे. तरी तिच्यात वैशाखातली दुपार, मृगाचा पहिला शिडकावा आणि त्यानंतर चार दिवस साचलेला दमट उकाडा हे एका मागोमाग येत नाहीत. ते आमच्याकडे येतात.

आता जरा आकडेमोड. मी ती वहीत केली, काकांना दाखवली, तुम्हीही करून बघा. एक साधं सिलिकॉन पॅनेल घ्या, २२ टक्क्यांचं, दरवर्षी अर्धा टक्का झिजणारं. दुसरं जोडथराचं, २८ टक्क्यांचं. सिलिकॉनच्या पंचवीस वर्षांतल्या एकूण युनिटला १०० म्हणू. जोडथराचं पॅनेल वर्षाला २ टक्के झिजलं तर ते १०७ देतं. ३ टक्के झिजलं तर ९६. ५ टक्के झिजलं तर ७८. म्हणजे सगळा खेळ अडीच टक्क्यांच्या आसपास फिरतो. झीज त्याच्या आत राहिली तर नवा वाण जिंकला, बाहेर गेली तर हरला, मग पहिल्या दिवशी पेपरात काहीही छापून येवो. आणखी एक गोष्ट वहीत दिसली. ५ टक्के झिजणारं पॅनेल सहाव्या वर्षी जुन्या सिलिकॉनच्या खाली जातं. सौर कृषी पंपाच्या योजनेत पुरवठादाराने देखभाल करायची असते ती किती वर्षं? पाच.

देखभालीचा आमचा अनुभव सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. जानेवारीत गव्हाला पाणी सुरू असताना कंट्रोलर बंद पडला. तक्रार लगेच नोंदवली, क्रमांक मिळाला, मेसेज आला. माणूस आला एकोणिसाव्या दिवशी. तेव्हा बिघाड ठळक होता, पंप बंदच होता. पॅनेल हळूहळू झिजत असेल तर तक्रार तरी कशाची करणार? पाणी थोडं कमी येतं, धार थोडी बारीक होते. शेतकरी म्हणतो विहिरीचं पाणी खाली गेलं असेल.

यात भर अशी की शेतकरी दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच. बाकी सरकारचे आणि कर्जाचे. त्याला यादीतून पुरवठादार निवडता येतो, पॅनेलच्या आत कोणतं रसायन आहे ते निवडता येत नाही. केंद्राच्या मान्यताप्राप्त पॅनेलच्या यादीत येण्यासाठी किमान कार्यक्षमतेची अट आहे आणि ठरलेल्या चाचण्यांचं प्रमाणपत्र लागतं. आपल्या हवामानात दोन-चार उन्हाळे काढल्याचा पुरावा लागत नाही. सिलिकॉनच्या बाबतीत तरी आयआयटी मुंबईच्या केंद्राने आणि राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने देशभर फिरून पाहण्या केल्या होत्या. त्यांत आढळलं की उष्ण भागातले पॅनेल थंड भागातल्यांपेक्षा लवकर झिजतात आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या, छतावरच्या बसवण्यांची अवस्था वाईट असते. उष्ण भाग आणि छोटी बसवणी. आमच्या वावराचंच वर्णन झालं हे. आणि हे सिलिकॉनचं, जे दगडासारखं मानतात.

विदर्भाला नव्या वाणाचा इतिहास नव्याने सांगायला नको. बीटी कपाशी २००२ मध्ये आली, बोलगार्ड-२ २००६ मध्ये. तंत्र खोटं नव्हतं. पहिली काही वर्षं हिरव्या बोंडअळीवर चाललं, फवारण्या कमी झाल्या, हे मी घरात पाहिलं आहे. पण अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून कडेने साधी कपाशी लावायची ती कोणी लावली नाही, पाकिटातलं ते वेगळं बियाणं बांधावर फेकलं गेलं, हंगाम लांबवला, आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून पोखरली. दोष एकट्या बियाण्याचा नव्हता. बियाणं शिवारात गेल्यावर त्याच्यावर नजर ठेवायची व्यवस्था नव्हती. पॅनेलची उपमा बियाण्याला कुठवर पुरते असं कोणी विचारेल. एका ठिकाणी ती उलटी पडते: बियाणं फसलं तर एक हंगाम जातो, पॅनेल फसलं तर वीस वर्षं ते तिथेच उभं राहतं.

तरीही बियाण्याच्या बाबतीत आपण एक गोष्ट बरोबर करतो. विद्यापीठाचा वाण प्रसारित होण्याआधी अनेक ठिकाणी, अनेक हंगाम त्याच्या चाचण्या होतात. अकोल्याला चांगला उतरलेला वाण सिंदेवाहीला झोपू शकतो हे माहीत असतं. मग पॅनेलचं तसं का नको? डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची केंद्रं आहेतच. अकोल्याचं कोरडं ऊन आणि काळ्या मातीची धूळ. यवतमाळची मधली हवा. सिंदेवाहीचा धानपट्टा, जिथे पावसाळ्यात बांधीतल्या पाण्याची वाफ सतत पॅनेलखाली असते. चौथी जागा चंद्रपूरला, औष्णिक केंद्राच्या राखेच्या टप्प्यात. प्रत्येक ठिकाणी बाजारात येऊ पाहणाऱ्या प्रत्येक कंपनीचे पाच-सहा पॅनेल, शेजारी तुलनेला साधे सिलिकॉनचे, आणि दर पंधरा मिनिटांची नोंद सगळ्यांना बघता येईल अशी उघडी. हा खर्च एका मेगावॉटच्या प्रकल्पापुढे किरकोळ आहे.

नोंद मात्र विश्वासाची हवी. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर उपकरणातच दोष निघाला. माझ्या ७२ वरसुद्धा तुम्ही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. शाळेची तार आहे ती.

यावर एक आक्षेप येईल की चार-पाच उन्हाळे थांबलो तर चीन पुढे निघून जाईल. चीनमध्ये कारखाने सुरू झालेच आहेत, तो मुद्दा खरा. पण मी थांबा म्हणत नाही. मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या जोखमीवर प्रकल्प उभे करावेत. बुडाले तर त्यांचं बुडेल. शेतकऱ्याच्या वावरात सरकारी पैशाने जे बसणार त्यासाठीच ही अट आहे. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे: पेरोव्हस्काइटला ताप सिलिकॉनइतका बाधत नाही. ७२ अंशांवर सिलिकॉनची साधारण सोळा टक्के वीज त्या क्षणी कमी होते, पेरोव्हस्काइटची बरीच कमी घटते. म्हणजे आमच्या उन्हात हा वाण, जोवर जिवंत आहे तोवर, प्रयोगशाळेतल्या तुलनेपेक्षाही सरस ठरू शकतो. मला हे मान्य आहे. चाचणीच्या बाजूने हा उलट आणखी एक मुद्दा झाला, कारण मग फायद्याचा खरा आकडाही इथेच कळेल.

पेरोव्हस्काइटच्या थरात शिसं असतं. त्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यावर घाबरवणारे आणि हसण्यावारी नेणारे दोघेही पुष्कळ. अर्धा मायक्रॉन थरात चौरस मीटरमागे शिसं भरतं एक ग्रॅमच्या आत. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते किलोने असतं आणि सिलिकॉन पॅनेलच्या झाळणीतही थोडं असतंच. पण बॅटरीतलं शिसं भंगारवाला घेऊन जातो, त्याला भाव आहे. पेरोव्हस्काइटमधलं शिसं पाण्यात काही प्रमाणात विरघळतं, आणि आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चला गारा पडतात. चाचणीतली गार असते २५ मिलिमीटरची. त्याहून मोठ्या गारा गावातल्या प्रत्येकाने पाहिल्यात. फुटलेलं पॅनेल पहिल्या पावसाआधी उचललं पाहिजे आणि ते कोण उचलणार हे करारात लिहिलेलं पाहिजे. शिसं धरून ठेवणारे थर काचेला लावण्याचे प्रयोग झाले आहेत. ते सक्तीचे करायला हरकत नाही. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत सौर पॅनेल आलेत, उत्पादकांनी ते साठवून ठेवायचे आहेत. तहसिलाच्या गावापासून तीस किलोमीटरवरच्या वावरातून ते साठ्यापर्यंत कसे पोहोचणार, याचा रस्ता अजून कोणी आखलेला मला दिसलेला नाही.

आणि पैसे देण्याची पद्धत. आज निविदा वॉटवर निघते, म्हणजे पहिल्या दिवशीच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्यावर. त्यातला काही हिस्सा राखून ठेवून पाचव्या आणि दहाव्या वर्षी, पॅनेल प्रत्यक्ष किती देतं ते मोजून द्यावा. कंट्रोलरमध्ये सिम असतंच, रोजचे युनिट कुठेतरी जातातच. ते शेतकऱ्याच्या मोबाइलवरही यावेत, आणि पहिल्या वर्षीच्या याच महिन्याच्या तुलनेत किती, हेही. मग धार बारीक झाली तर ती विहिरीमुळे की पॅनेलमुळे, हे त्याला कळेल.

काकांना मी ही चाचणीची कल्पना सांगितली तेव्हा त्यांना ती फार काही वाटली नाही. त्यांच्या वडलांनी चाळीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या तुरीची चाचणी आमच्याच धुऱ्यालगतच्या सहा ओळींत घेतली होती. ओळींना पाट्या लावल्या होत्या, आणि दर पंधरा दिवसांनी एक कृषी सहायक सायकलवर येऊन झाडं मोजून जायचा. तीन खरीप तो येत राहिला. पुढचा पावसाळा लागायच्या आत अकोला, यवतमाळ, सिंदेवाही आणि चंद्रपूरला पॅनेल उभे राहिले, तर त्यानंतरच्या पहिल्याच मे अखेरीस झिजेचा पहिला आकडा हातात येईल.